एडक्याच्या गळ्यातलं टोकन आणि माझं लग्न

मी, तेग्वेन बेब, मु. नान्तग्लास स्टेशन, वय एकोणसाठ, धंदा सिग्नल केबिनवाली, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. भाची लौरी म्हणते की नाही, पण डॉक्टरांनी तपासून आहे म्हटलंय. येत्या शनिवारी माझं लग्न आहे. लग्न झालं की आधीचं मृत्युपत्र बाद होतं असं वकीलसाहेब म्हणाले. म्हणून नोंद करते की हे मृत्युपत्र मी इथेल गिटिन्स यांच्याशी होणारं लग्न डोळ्यांसमोर ठेवूनच करत आहे. ते लग्नाने रद्द होऊ नये.

कलम १. आईकडून मला आलेलं फाटकाजवळचं घर, परसातल्या कोंबड्यांसह, इथेलने हयात असेपर्यंत वापरावं. त्याच्यामागे ते लौरीचं. "मावशी, या वयात कसली थेरं?" असं ती चारचौघांत म्हणाली, म्हणून तिला थोडी वाट बघायला लावते आहे. इथेलची प्रकृती ठणठणीत आहे.

कलम २. केबिनमधलं माझं फडकं माझ्यामागून येईल त्याला द्यावं. सिग्नलच्या दांड्या फडक्यानेच ओढायच्या. उघड्या हाताचा घाम लागला की गंज चढतो, आणि गंज चढला की मी वर बसूनही शिव्या देईन.

कलम ३. पोस्टातली शिल्लक इथेलला. का, ते वारसांना कळावं म्हणून सांगते.

इथेल आणि मी तरुणपणी जत्रेत एकत्र गायलो आणि मग एकत्रच गायचं ठरवलं. आम्ही मेथडिस्ट, तो बॅप्टिस्ट; दोघेही ख्रिस्तीच, पण त्यांच्यात मोठ्या माणसाला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. माझा थोरला भाऊ एलियाझर तेव्हाही चॅपेलचा, म्हणजे आमच्या प्रार्थनाघराचा, कारभारी होता. "नदीत बुचकळ्या मारणाऱ्यांच्या घरी माझी बहीण जाणार नाही," म्हणाला. वडील नव्हते, त्यामुळे त्याचाच शब्द. इथेल नोकरी घेऊन दूर गेला.

मग लढाई आली, पुरुष गेले, आणि रेल्वेने मला केबिनमध्ये बसवलं. आमचा मार्ग एकेरी. पुढचं स्टेशन पॉन्तवेन. दोन्हीकडे टोकनचं, म्हणजे मार्ग मोकळा असल्याच्या धातूच्या खुणेचं, यंत्र असतं. तिकडच्याने बटण दाबून धरलं तरच इकडच्याला टोकन उपसता येतं, आणि ते हातात असल्याशिवाय ड्रायव्हर पुढे जात नाही. एक टोकन बाहेर असलं की दुसरं निघत नाही. म्हणून दोन गाड्या समोरासमोर येत नाहीत. काही दिवसांनी मला कळलं की पॉन्तवेनला बटण दाबून धरणारा इथेलच आहे. टेलिफोन होता, पण त्यावर सगळी लाइन कान लावून बसते. आम्ही दोन केबिनींमधल्या निरोपाच्या घंटेवरच राहिलो. गाडी येऊ का, ये. गाडी निघाली, बरं. रोज केबिन बंद करायची घंटा झाली की तो एक हलकी टिचकी जास्त द्यायचा. नियमांच्या पुस्तकात त्या टिचकीचा अर्थ नाही. मला मात्र लागायचा.

गेल्या ऑगस्टात जिल्ह्याची गाण्याची स्पर्धा होती. एलियाझर आमच्या चॅपेलच्या गायकांना घेऊन फलाटावर, सगळे गाडीत चढलेले. पॉन्तवेनहून मालगाडी आली की यांना सोडायचं. मालगाडी न थांबता जाते. तिचा फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारा, टोकन अडकवलेलं मोठं कडं माझ्याकडे फेकतो, मी ते दंडावर झेलते. त्या दिवशी शेजारच्या हॉपकिन शेतकऱ्याचा एडका कुंपण मोडून फलाटावरच्या बागेत शिरला होता. फायरमन त्याला बघून हसला आणि नेम चुकला. कडं माझ्या डोक्यावरून गेलं ते थेट एडक्याच्या गळ्यात. एडका दचकला, उधळला, पुलावरून डोंगराकडे पसार.

"तेगी, सिग्नल पाड!" एलियाझर खिडकीतून ओरडला.

"दादा, टोकन एडक्याच्या गळ्यात आहे."

"मग एडक्याला इंजिनावर बसव!"

निम्मे गायक डोंगर चढले. खालच्या पट्टीवाले दमून लवकर परतले, वरच्या पट्टीवाले दूरवरून हाका घालत राहिले. एडका काही सापडेना. अशा वेळी एकच मार्ग असतो: एका माणसालाच टोकन नेमायचं. तो स्वतः इंजिनावर चढेल तीच गाडी हलेल. पॉन्तवेनहून ज्याची पाळी संपली होती तो सायकलवर आला. दंडाला अशा नेमलेल्या माणसाची लाल पट्टी, घामाने चिंब, डोक्यावरचे केस गेलेले. इथेल.

"आलो मी," म्हणाला.

"केवढा उशीर!" माझ्या तोंडून निघालं.

"चढ होता गं."

मी हसायला लागले ते थांबेचना. एलियाझर मात्र पांढराफटक. लाल पट्टीवाल्याने हो म्हटल्याशिवाय गाडी हलणार नव्हती. अखेर हॅट काढून तो म्हणाला, "गिटिन्स, नेतोस का आम्हाला?"

"बेबसाहेब, स्वर्गापर्यंतची खात्री तुमच्या मते मला देता येत नाही," इथेल म्हणाला, "पॉन्तवेनपर्यंत सुखरूप नेतो."

डबेच्या डबे हसले. इंजिनावर चढून त्याने मला विचारलं, "तेग्वेन, रविवारी चहाला येऊ का?" मी उत्तर देणार तेवढ्यात सगळ्या खिडक्यांमधून गायकांनी चारही सुरांत एकदम "ये!" लावला. स्पर्धेत त्यांचा दुसरा नंबर आला. माझ्या मते त्यांचा पहिल्या नंबरचा सूर आमच्या फलाटावरच खर्च झाला.

कलम ४. बागेची अवजारं आणि खताचा ढीग स्टेशनमास्तर प्रोबर्ट यांना. एडक्याने डेलियाची फुलं खाल्ल्यामुळे सुंदर स्टेशनाचं बक्षीस हुकलं, आणि त्याबद्दल ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. ढीग मोठा आहे. त्यांनी तो स्वतः उपसावा.

कलम ५. माझ्या अंत्यविधीला दोन्ही चॅपेलांनी गावं. कोण आधी यावरून भांडण झालं तर भांडणही मोठ्याने करावं.

कलम ६. खोडलं आहे. कारण असं. मी इथवर लिहिलं आणि एलियाझर दारात उभा. इथेल रविवारी चहाला आला, तेव्हापासून दादा माझ्या घरी आला नव्हता.

"साक्षीला माणूस लागतो म्हणे," म्हणाला.

"लागतात. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही, दादा. सहाव्या कलमात तुझं नाव आहे."

"खोड ते."

"काय दिलंय ते तरी वाच."

"नको. खोड. उद्या कोणी म्हणायला नको, एलियाझर घरादाराच्या आशेने शनिवारी बॅप्टिस्टांच्या चॅपेलात जाऊन बसला."

तो लग्नाला येणार, हे मला असं कळलं. अक्षर इथून जरा बिघडलं आहे. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

सही करण्याआधीच कलम ६ मी स्वतः खोडलं. त्यात काय होतं ते कोणी विचारू नये. व्यवस्था बघायला लौरीला नेमते. तिला तक्रार करायची सवय आहे, ती इथे कामी येईल. हे सगळं वाचून, आनंदाने, दोघांच्या देखत सही करते.

सही: तेग्वेन बेब

आमच्यासमोर तिने सही केली, आणि आम्ही तिच्यासमोर:
१. एलियाझर बेब, चॅपेलचे कारभारी (भाऊ)
२. हॉपकिन रीस, शेतकरी (एडक्याचे मालक)

मु. नान्तग्लास, गुरुवार, १९ मे १९५५