सारख्या अंतरावरचे ठिपके

सोमवार, दिवेलागण

आज माझा नुसता जळफळाट झाला, खरं तेच लिहिते. नात मनू शेतकी कॉलेजातनं सुट्टीला आलीय, लई आनंद हाय. पण आल्यापास्नं फोनवर तिच्या आईची आई. त्या नेवाशाला गणिताच्या बाई होत्या ना! दोघी तासभर हसत बोलत होत्या. मला कोन विचारतंय.

कांद्याच्या रोपाला किती खारट पानी सोसतं, ते मनू बघनार हाय. कुठल्या कुंडीत किती मीठ, ते आकडे कंप्युटर पाडून देतो. एक, दहा, शंभर, हजार. आन् पडद्यावर चारी ठिपके सारख्याच अंतरावर! मी म्हनलं, "चुकलं की गं. दहापास्नं शंभर लांब न्हाई का?"

"आजी, ऱ्हाऊ दे. नेवाशाच्या आजीला लगेच कळलं."

लागलंच मला. भाकरी थापताना डोळ्यापुढं तेच ठिपके. मग आमटी चाखली आन् तशीच उठले.

"मने, अळणी आमटीत चिमूटभर मीठ टाकलं तरी जिभेला कळतं. खारट झाल्यावर चिमटीनं काय व्हतंय? मूठच लागती. तुझ्या रोपाचं तसंच ना?"

मनूनं कंप्युटर बाजूला सारला. "अगं आजी, हेच की! दर पायरीला दहापट मीठ, म्हणून ठिपक्यांचं अंतर सारखं!" म्हनून तिनं लगेच नेवाशाला फोन लावला. तिकडनं विहीणबाई म्हनल्या, "अहो, इतकं सोपं करून मलाही सांगता आलं नसतं. जरा परत सांगा, लिहून घेते."

दोनदा सांगितलं. मुद्दाम, सावकाश.