दारात ओरडते, गॅरेजात गप्प

३ मार्च १९७१
...आणि मग रिकामी बादली पालथी घालून हे तिच्यावर बसायचे, चहा प्यायचे. रोजची सकाळ तशीच. मी सडा टाकायची, चूल पेटवायची, पाणी शेंदून द्यायची. हे फियाट धुवायचे, चाकांच्या आतसुद्धा पाणी मारायचे. धुतली की लगेच शिर्डीच्या भाड्याला.

मी हे कशाला लिहीत बसले? लिहायचंय ते गाडीचं. हे गेल्यापासून ती दारात उभी आहे. विकायची, ठरलं. त्या पैशात पिठाची गिरणी घालायची. दुसरं पोट भरायचं साधन नाही. गाडीचा मला मोह नाही. बेलापूरचे भिमाजी पाडव्याला नेणार. फक्त ब्रेक वाजतो, तेवढा काढायचा. दोन दिवसांचं काम.

५ मार्च
धाकटे दीर, मच्छिंद्रभाऊजी, सकाळी गाडी घेऊन गॅरेजला निघाले, मी शेजारी. कोपऱ्यावर ब्रेक दाबला तर अशी किंचाळली की समोरच्या छबूबाई पिठाच्या हातानं बाहेर. म्हणाल्या, "मनकर्णा, डुक्कर धरलं का काय गं?"

गॅरेजात खाजाभाई मिस्त्रींनी अख्ख्या कोपरगावात फिरवली. आवाज नाही. म्हणाले, "भाभी, गाडी मूग गिळून बसली."

परत आल्यावर रोजच्यासारखी धुऊन ठेवली. धुळीत बरी दिसत नाही.

८ मार्च
ह्यांचं मोटार-दुरुस्तीचं पुस्तक काढलं. मी शाळेत गेले नाही, किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत शिकले. त्यामुळे पुस्तकाची भीती नाही. चार पानांत सापडलं: ब्रेकच्या आतल्या पट्ट्या, लायनर, झिजले की ब्रेक वाजतो. खाजाभाईंना बदलायला सांगितले. प्रश्न मिटला.

१० मार्च
वाजतो.

१३ मार्च
धूळच असणार. खाजाभाईंनी चाकांतले ब्रेकचे ड्रम उघडून घासून दिले. मी घरी आणून स्वच्छ धुतली, म्हणजे धुळीचा कणही नको. आता वाजून दाखव म्हणावं.

१४ मार्च
वाजली. खाजाभाईंना बोलले, काम नीट करत नाही म्हणून. त्यांनी कपाळाला हात लावला. "माझ्याकडं आली की गाय, तुमच्या दारात वाघीण! भाभी, दारातच काही हाय का बघा." लिंबू-मिरची बांधली. माझा विश्वास नाही, पण बांधली.

१७ मार्च
भिमाजी सकाळीच गाडी बघायला आले. भाऊजींच्या शेजारी बसले, गल्लीच्या टोकाला उतरून चालत परत आले. म्हणाले, "बाई, ही गाडी हाय का कापायला नेलेलं बकरं? आवाज गेला तर पाडव्याला नेतो, न्हाई तर मला दुसरी मिळतीय."

भाऊजी चिडले. "वहिनी, गिरणीचा गाळा दुसरा कुणी घील. मग बसा हिला उराशी धरून." उराशी कोण धरतंय! उतारामुळे वाजते, गल्लीच तशी आहे. त्यांना कळत नाही.

२३ मार्च
चार दिवस ताप. अंथरूण सुटलं नाही, गाडीला हात लागला नाही. भाऊजी रोज एक फेरी मारत होते, पण तापात मला कोण काय सांगणार. आज त्यांनी गाडी काढली, कोपऱ्यावर ब्रेक दाबला. काही नाही. आधी वाटलं, तापानं कानाला दडे बसले. मग छबूबाईच म्हणाल्या, "दोन दिस झाले, डुक्कर पळालं वाटतं."

पुस्तक पुन्हा काढलं. शेवटच्या पानांत होतं: गाडी धुऊन उभी ठेवली तर ड्रमला आतून गंज धरतो, पहिले काही ब्रेक वाजतात, चालवली की आवाज जातो. ह्यांची गाडी धुतली की निघायची. माझी धुतली की दुसऱ्या सकाळपर्यंत उभी. म्हणजे वाजवत मीच होते.

भाऊजींना सांगितलं. ते इतके हसले की मलाही हसू आलं. पुष्कळ दिवसांनी.

२५ मार्च
परवा पाडवा. भिमाजी पहाटेच येणार, गाडी दारातूनच चालवून बघणार. भाऊजी उद्या नगरला जाणार, म्हणजे उद्या गाडी हलणार नाही. आजच तीनदा बजावलं, "वहिनी, फक्त पाणी लावू नका." मी काय लहान आहे? यात करायचं काहीच नाही, फक्त करायचं नाही. इतकं सोपं काम आजवर कुणी मला सांगितलं नव्हतं. बादली माळ्यावर टाकली.

२६ मार्च
सकाळी माळ्यावरून बादली काढली. गाडी धुतली. चाकांच्या आतसुद्धा पाणी मारलं. मग बादली पालथी घालून तिच्यावर बसले आणि चहा प्याले.