तीन नंबरच्या दोरावरची कोळंबी

४ मार्च, सकाळी ८.१०
डोकं फिरलंय. आमचा तरंगता प्लॅटफॉर्म समुद्राच्या तळाशी चार दोरांनी बांधलेला आहे, आणि चोवीस वर्षं ते चार दोर मी सांभाळतोय. आता साहेबांनी प्रत्येक दोराशेजारी पाण्यात माईक सोडलाय. म्हणे दोराचा एकेक धागा तुटताना 'टिक्' असा आवाज होतो, तो मोजायचा. मोजायला नवी इंजिनिअर आणलीय. मी तिला मॅडम हेडफोन म्हणतो, मनात.
संकल्प: चिडायचं नाही.

५ मार्च
चिडलो. तीन नंबरच्या दोरातून एका दिवसात बेचाळीस टिक्. मॅडम म्हणाली, दोर बदला. मी म्हटलं, बाई, ती कोळंबी आहे. तिची एक जात नांगीने टिचक्या मारते, समुद्रावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक टिक्‌पुढे शेरा लिहायची सोय आहे. बेचाळीस वेळा 'कोळंबी' लिहिलं. बोटं दुखली.

९ मार्च
दोनशे सोळा. पिल्लं झाली असणार.
मॅडमचा नवा मुद्दा: टिक् फक्त लाट प्लॅटफॉर्मला उचलते तेव्हाच येतो, म्हणजे दोर ताणला गेला की. कोळंबी लाट बघून टिचकी मारते का, असं विचारलं तिने, तेही साहेबांसमोर. मी म्हटलं, मारत असेल, हल्ली माणसांपेक्षा जनावरांना शिस्त जास्त आहे. साहेब हसले. म्हणजे माझ्या बाजूने आहेत.

११ मार्च, संध्याकाळी
परवा तीन नंबरवरचे शिंपले खरवडायला पाणबुड्या उतरणार. पाणबुड्या म्हणजे माझा मेहुणा, हिचा धाकटा भाऊ. जेवताना हिने विचारलं, ताणलेला दोर जवळच तुटला तर माणसाचं काय होतं? मी म्हटलं, दोन तुकडे. पण तुटणार नाही, कारण मी सांगतोय. ही ताटावरून उठली. बायकोशी टेक्निकल बोलूच नये.
परमिटवर सही करून टाकली.

१२ मार्च
नऊशे. एकेक शेरा कोण लिहीत बसणार? सगळे एकदम सिलेक्ट केले, 'कोळंबी'.
मॅडमने दोर बदलण्याचा लेखी अर्ज दिला. नाकापेक्षा मोती जड. साहेबांनी माझं मत विचारलं. चोवीस वर्षं, एवढंच म्हटलं. अर्ज बाजूला.

१३ मार्च, सकाळी ९.३०
प्लॅटफॉर्मवरच्या केबिनमध्ये. मेहुणा सूट चढवून बोटीत बसलाय आणि उतरत नाही. वॉकीटॉकीवर म्हणतो, दाजी, मॅडमची पण सही होऊ द्या. माझ्या सहीला काय धाड भरलीय? याला नोकरीला लावला कोणी? मी. खाल्ल्या घरचे वासे मोजतोय. भित्रट म्हटलं त्याला, सगळ्यांना ऐकू जाईल असं.
माईकचा हेडफोन कानावरून काढून ठेवला. त्या तडतडीने डोकं उठतं.

९.४०
चहा सांडला, सगळा पँटवर. केबिनच हलली. कोणीतरी गाढव बोट दामटत गेला. लेखी तक्रार करणार.

९.५०
हेडफोन लावला. तीन नंबर शांत. स्क्रीनवर बघितलं, गेल्या दहा मिनिटांत एक टिक् नाही. शून्य. घातले सगळ्यांचे दात घशात. ऑफिसातल्या प्रत्येकाला मेल केला: 'तीन नंबरचा दोर ठणठणीत. कोळंबी निघून गेली. मॅडमनी नोंद घ्यावी.' मेहुण्याला सांगितलं, उतर आता.

९.५६
या खिडकीतून रोज दीपस्तंभ दिसतो. आज गोदाम दिसतंय.

१३ मार्च, संध्याकाळी
तुटलेला दोर टिक् करत नाही.
उरलेल्या तीन दोरांवर प्लॅटफॉर्म फिरला. तीन नंबर जिथून सुटून उसळला, तिथेच मेहुणा खरवडत असता. साहेब ओरडले नाहीत. मॅडमही काही बोलली नाही, बोलली असती तर भांडता तरी आलं असतं. अंगाची आग होतेय आणि राग काढायला माणूस सापडत नाही. मेहुण्यानेच त्याच्या बोटीतून मला किनाऱ्यावर आणलं. दाजी, सांभाळून उतरा, म्हणाला. त्याचा सूट कोरडा होता.
तो घरापर्यंत सोडायला आला. ही दारातच होती. तिने भावाचे दंड, खांदे, मान, सगळं चाचपून पाहिलं आणि त्याला आत नेलं. मी बूट काढून पायरीवर उभा होतो. आत या, असं कोणी म्हणालं नाही.