हरलेल्यांचा नाश्ता

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आमंत्रण आलं! आम्हाला. फक्त आम्हाला.

मिसेस क्विगलींनी — आमच्या कॉलेजच्या मंडळाच्या अध्यक्ष — आधी स्वतः उठून दार लावून घेतलं आणि मगच सांगितलं. पूर्वेकडच्या मोठ्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे कॉलेजांच्या खेळांच्या गटात, एक जागा रिकामी आहे आणि ती त्यांनी आमच्या हॅलोवे स्टेटला देऊ केली आहे. पाच डिसेंबरला आमचं मतदान. तोवर एक शब्द बाहेर जाता कामा नये. "नवऱ्याला नाही, बायकोला नाही, घरच्या कुत्र्यालाही नाही," म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून, "आणि आईला तर अजिबात नाही, मारित!" सगळे हसले. माझी आई डनमोरची, म्हणजे आमच्या जुन्या प्रतिस्पर्ध्यांच्या गावची, आहे हे मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे.

आम्ही नऊ जण. आठ मोठी माणसं, आणि विद्यार्थ्यांच्या वतीने मी. माझं मतही त्यांच्याइतकंच धरतात. मला अजून खरं वाटत नाही. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि आता इथेच पुढचं शिकतेय. मे महिन्यात ती चौकोनी टोपी घालून उभी होते तेव्हा बाबा ढसाढसा रडले — रस्त्यावरचा बर्फ हटवणारा एवढा धिप्पाड माणूस! मला मंडळावर नेमलं तेव्हा मात्र त्यांनी एकच प्रश्न विचारला. "पगार देतात का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग काम महत्त्वाचं असणार."

१३ नोव्हेंबर

कोणालाच सांगता येत नाही म्हणून इथे लिहिते.

आमच्या कॉन्फरन्समध्ये बारा कॉलेजं होती. आपापसात खेळायचं आणि सामने दाखवण्याचे टीव्हीवाले देतात ते पैसे वाटून घ्यायचे, असा सरळ व्यवहार. गेल्या वर्षी एकेक कॉलेज जास्त पैशांच्या गटात निघून गेलं. भरल्या ताटावरून उठावीत तशी गेली सगळी. मागे राहिलो आम्ही आणि डनमोर. बाकीचे सामने इकडून तिकडून गोळा करून कसाबसा हंगाम भरवतोय.

डनमोर इथून अकरा मैल. मध्ये गव्हाच्या टेकड्या आणि एक पेट्रोल पंप. शंभर वर्षं आम्ही एकमेकांना नावं ठेवतोय, आणि त्याच शंभर वर्षांत एकमेकांच्या मुलींशी लग्नंही करतोय. ऑगस्टमध्ये दोन्ही कॉलेजांच्या प्रमुखांनी मैदानाच्या मधोमध, सगळ्यांच्या देखत हात मिळवले. जायचं तर दोघांनी, राहायचं तर दोघांनी! मी तिथे होते. टाळ्या वाजवून तळवे लाल झाले होते माझे.

त्या शब्दाचं आता काय करायचं?

१९ नोव्हेंबर

आज बैठक. चार जायच्या बाजूने, चार विरुद्ध. मी काहीच बोलले नाही. सगळे माझ्याकडे बघत नसल्याचं नाटक करत होते.

जायचं म्हणणारे चूक आहेत असं म्हणायला जीभ वळत नाही. गेलो नाही तर टीव्हीचे पैसे नाहीत. पैसे नाहीत तर आधी काय बंद पडणार? फुटबॉल नाही. मुलींचं व्हॉलीबॉल, मग पोहणं. माझ्या खोलीतली जोलीन व्हॉलीबॉलच्या जोरावर शिकतेय. खोलीवर आल्यावर तिने विचारलं, "काय गं, भूत बघितलंस का?" तोंड धुवायला जाते म्हटलं.

गेलो तर डनमोर एकटं पडणार. एकटं म्हणजे संपलंच. त्यांचं स्टेडियम त्या गावाचं पोट आहे.

मिसेस क्विगली गाडीपर्यंत माझ्यासोबत आल्या. त्या जायच्या बाजूच्या. म्हणाल्या, "तू तत्त्वाचा विचार करतेस, चांगलं आहे. पण त्यांना बोलावलं असतं आणि आपल्याला नाही, तर ते थांबले असते?"

"थांबले असते," मी म्हटलं. विचार न करता.

"बरं," म्हणाल्या.

ते "बरं" दिवसभर कानात बसलंय.

२२ नोव्हेंबर

आज घरी आले होते, तर लाइल मामाचा फोन. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला टर्की तो आणणार. मी दोन वाक्यांत फोन आईकडे दिला.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. डनमोरमध्ये टायरचं दुकान. आणि तीन वर्षं झाली, त्यांच्या कॉलेजच्या मंडळावर आहे. म्हणजे मी इथे जी, तो तिथे. त्याच्यापासून मी आजवर काही लपवलेलं नाही. आता गुरुवारी त्याच्यासमोर बसून जेवायचं.

२८ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

मामा दारातूनच ओरडला, "काय दाजी, शनिवारी आमच्याविरुद्ध संघ उतरवताय ना मैदानात? की यंदाही नुसता बँड?"

"तू टर्की खाली ठेव आधी," बाबा. "नीट भाजलीय का? गेल्या वर्षी चावता चावता माझी दाढ हलली."

"सहा वर्षं हरताय. सहा वर्षं आमच्यासाठी नाश्ता करताय. हात चांगला बसलाय आता, सवय मोडू नका!"

आईने नेहमीसारखा अर्धा त्यांच्या आणि अर्धा आमच्या रंगाचा स्वेटर घातला होता. "दोघेही गप्प बसा आणि देवाचे आभार माना," म्हणाली.

मी बटाटे ताटात इकडून तिकडे ढकलत होते. मामाने बघितलं. "ही जेवत नाहीये. काहीतरी ठरवण्याच्या बेतात आहे!"

मग त्याने ती माशांची गोष्ट सांगितलीच. मी सात वर्षांची होते. मासे मारायचे नाहीत असं मनाशी ठरवलं आणि दोन दिवस जेवले नाही. कोणाला कारण सांगितलं नाही. एकट्या मामाला कळलं. त्याने न विचारता बादलीतला मासा परत नदीत सोडला, आणि मग मी जेवले. सगळे हसले. मीही हसले. घास मात्र उतरला नाही.

नंतर भांडी पुसताना आम्ही दोघंच.

"कॉलेज कसं चाललंय?" मामा.

"चाललंय. तुमचं?"

"चाललंय."

दोघांनाही हसू आलं. मला त्याची फार दया आली. एवढा हसतोय, आणि बिचाऱ्याला काहीच माहीत नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार

जिंकलो!!! सहा वर्षांनी! शेवटच्या मिनिटाला, बर्फात! बाबांची टोपी गेली, आवाज गेला. शेजारचा अनोळखी म्हातारा मला मिठी मारून रडला.

या सगळ्यात एकदाच मनात आलं: हा शेवटचा तर नाही ना? मोठ्या कॉन्फरन्समध्ये गेलो तर तिथले सामने भरून काढता काढता डनमोरला जागाच उरणार नाही. दोन्ही बाजूंची हजारो माणसं घसा फोडून ओरडत होती, आणि त्यांच्यातल्या एकाला तरी हे माहीत होतं का?

१ डिसेंबर, रविवार

आज अग्निशमन केंद्रात नाश्ता. गाड्या बाहेर काढून आत बाकं मांडली होती. हरलेल्या गावाने जिंकलेल्यांना आपल्या हाताने खाऊ घालायचं, हा नियम कोणी केला ते आता कोणालाच आठवत नाही. पॅनकेकचा मोठा लोखंडी तवाही हरलेल्यांकडेच राहतो, पुढच्या सामन्यापर्यंत. सहा वर्षं आमच्या गॅरेजमध्ये होता. काल रात्री डनमोरवाले घेऊन गेले, आणि सकाळी त्यावर पीठ ओतायला हजर!

मामा तव्यामागे, टोपी उलटी घालून. बाबा मुद्दाम तीनदा रांगेत उभे राहिले.

"हा करपलाय," बाबा.

"जिंकलेल्यांना करपलेलेच देतात. नियम वाचा, दाजी!"

"सहा वर्षं मी सोन्यासारखे करून घातले तुला."

"म्हणून तर जिंकत होतो. सोडवेना!"

सगळं केंद्र हसत होतं. दोन गावं एका छपराखाली, पाकाने चिकट झालेले हात. तिथेच माझं ठरलं. अगदी स्वच्छ. हे विकायचं नाही. शब्द दिलाय, तर पाळायचा. आम्ही पाळला नाही तर जगात कोण पाळणार?

मामाने माझ्या ताटात तीन पॅनकेक टाकले. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी आम्ही हरलो तर मी करीन हं तुझ्यासाठी."

त्याचा उलथणं धरलेला हात जरा थांबला. "कर, पोरी," म्हणाला.

ताट तसंच राहिलं. त्याने नेहमीसारखं रागावून "खा!" म्हटलं नाही. उचलून ठेवलं बाजूला.

५ डिसेंबर, गुरुवार

मत दिलं. नाही.

आधी बोलले. कागद न बघता. शब्द दिला तेव्हा आपल्यावर कोणी बंदूक रोखली नव्हती, असं म्हटलं. बाकीच्यांनी आपल्याला सोडलं तेव्हा कसं वाटलं होतं ते आठवा, म्हटलं. आणि शेवटी, डनमोरला बोलावलं असतं तर तिथेही कोणीतरी असंच बोललं असतं, याची मला खात्री आहे, असं म्हटलं.

पाच विरुद्ध चार. आमंत्रण नाकारलं.

"बरं," मिसेस क्विगली म्हणाल्या, आणि कागद गोळा केले.

बाबांना घरी येऊन सगळं सांगितलं. आता गुपित उरलंच नव्हतं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "लोक म्हणतील तसंच करायचं असतं तर तुला तिथे कशाला बसवलं असतं?" किती दिवसांनी आज पोटभर जेवले!

६ डिसेंबर, शुक्रवार

दुपारी बातमी आली. ती रिकामी जागा डनमोरला. त्यांच्या मंडळाने आज सकाळीच मंजूर केलं. एकमताने.

एकमताने!

एका दिवसात? एका दिवसात कसं होतं हे?

मामाचा फोन वाजतोय. उचलणार नाही.

बाबा अंगणात गेले. बर्फ नसतानाच फावडं घेऊन उभे होते. मी जवळ गेले. "त्यांनी हात मिळवला होता, बाबा."

"हो," म्हणाले. "मीही बघितलं होतं."

आईने तो स्वेटर घडी करून कपाटात सगळ्यात खाली ठेवला.

७ डिसेंबर

व्हॉलीबॉल बंद. या वर्षापुरती शिष्यवृत्ती राहील, मग ज्याने त्याने आपलं बघायचं. प्रशिक्षकांनी मुलींना जिममध्ये जमिनीवर बसवून सांगितलं.

जोलीनने विचारलं, "तू नाही म्हणालीस?"

"हो."

"त्याने आमचं व्हॉलीबॉल बंद पडेल हे माहीत होतं तुला?"

"हो."

ती बूट काढत होती. काढलेले परत घातले आणि बाहेर गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मिसेस क्विगली दुकानात भेटल्या. टोमणा मारतील वाटलं होतं. माझ्या दंडाला हात लावून पुढे गेल्या. ते जास्त लागलं.

पण मला एकच कळत नाहीये. आमचं उत्तर गुरुवारी गेलं. शुक्रवारी सकाळी त्यांची तयारी कशी होती?

८ डिसेंबर, रविवार

मामा आला. आत आला नाही. गाडीतून तो तवा उतरवला आणि आमच्या पायरीवर टेकवला. "आमच्याकडे ठेवून आता काय करू," म्हणाला.

मी विचारलं. त्याने खाली बघत सांगितलं. "तुम्ही नको म्हणालात तर जागा आम्हाला मिळेल, हे आम्हाला महिन्यापूर्वीच कळलं होतं. तुमच्यात चार-चार झालंय, हेही कानावर होतं. आमचे लोक घाबरलेले. तुम्ही हो म्हणालात तर आमचं गाव गेलं. गेल्या रविवारी, नाश्ता झाल्यावर, मी त्यांना सांगितलं, कागद तयार ठेवा, हॅलोवे नाही म्हणणार आहे. माझ्या भाचीचं ठरलंय. पुढच्या वर्षी नाश्ता करीन म्हणाली, आणि तिने ताट तसंच ठेवलं."

मी एका अक्षरानेही कोणाला काही सांगितलं नव्हतं.