पाण्याची गादी की स्प्रिंगचा पलंग

प्रिय चिमणे,

त्या दिवशी तू फोन आपटलास. मीही कमी बोललो नाही. तीन आठवडे झाले, आता अबोला पुरे. फोनवर माझा पारा चढतो, म्हणून कागद घेतलाय. अक्षर सुताराचं आहे, सांभाळून घे.

तुझं म्हणणं चुकीचं नव्हतंच. तू वॉर्डात रोज पडून पडून पाठीला जखमा झालेले पेशंट बघतेस. आईचा उजवा भाग लुळा पडला, तेव्हा तिला वॉटरबेड आणायचा हेच तुझ्या मनात येणार. घरी येणाऱ्या व्यायामाच्या बाईही आधी तेच म्हणाल्या होत्या. मीसुद्धा वॉटरबेड घ्यायचा ठरवूनच दुकानात गेलो होतो, हे तुला बोललो नाही. आयुष्यभर लोकांना पलंग करून दिले आणि स्वतःच्या घरासाठी तयार पलंग विकत आणायचा, म्हणून पाय जडच झाले होते. पण ते असो.

दुकानातल्या पोरीला म्हटलं, झोपून बघितल्याशिवाय मी काही घेत नाही. चपला काढल्या आणि भर गिऱ्हाइकांत आडवा झालो. काय सांगू तुला, पाठीला कुठे म्हणून टोचत नाही. पाण्यानं अंग अलगद झेललं. म्हटलं, हाच. मग उठायला गेलो. हात टेकला तर हातच खाली गेला, कोपर टेकलं तर पुन्हा आडवा. शेवटी त्या पोरीनं मला ओढून काढलं. ती हसत होती, मीही हसलो. पण मनात आलं, दोन्ही हात धड असून माझी ही गत, तर आईचं काय होणार?

शेजारी बॉक्स स्प्रिंगचा पलंग होता, खाली स्प्रिंगांची पेटी आणि वर घट्ट गादी. त्याच्या काठावर बसलो, काठ दबला नाही. एका हातानं रेटा दिला आणि उठलो. दोन-तीनदा करून बघितलं. ती पोरगी म्हणाली, "काका, हा झोपायला घेताय की उठायला?" मी काही न घेताच घरी आलो आणि आधी विचारायला हवं होतं ते आईला विचारलं. तिचे शब्द अजून अडखळतात, ठाऊक आहे तुला. खूप वेळ ओठ हलले, मग म्हणाली, "मला... उठायचंय."

पलंग आला तेव्हा चार बोटं उंच निघाला. तिची पावलं जमिनीला पुरेनात. मी करवत काढली आणि नव्याकोऱ्या पलंगाचे पाय कापले. दुकानदारानं बघितलं असतं तर घेरीच आली असती! दर दोन तासांनी तिची कूस बदलतो. सकाळ-संध्याकाळ तिची पाठ तपासतो, तू सांगितलेलं सगळं करतो. एकदा टाच लाल झाली होती, उशी दिल्यावर निवळली. पलंग आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती काठावरून घसरून खाली बसली, तेही तुझ्यापासून लपवलं होतं. लागलं नाही. पण तिला उचलून वर घेतल्यावर मला बराच वेळ भिंतीला टेकून उभं राहावं लागलं.

आता खरं सांगतो. फोनवर भांडलो त्याच्या आदल्या दिवशी माझे रिपोर्ट आले होते. हृदयाची एक झडप खराब झालीय. पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला ऑपरेशन आहे, आणि नंतर तीन महिने भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही. मग आईला कोण उचलणार? तुझ्यावर ओरडलो ते त्या भीतीपोटी. काल तिला सगळं सांगितलं. रडेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "चिमणीला... बोलाव." आज दुपारी नेहमीसारखा उठवायला हात पुढे केला, तर तिनं तो बाजूला सारला. डाव्या हातानं गादीला रेटा दिला आणि मी पलंगाला बसवलेल्या कठड्याला धरून उभी राहिली. पाय थरथरत होते. मी जवळ उभा होतो, पण धरलं नाही. नऊ तारखेच्या आधी ये, बाळा. तिला फार उचलावं लागणार नाही. फक्त कुणीतरी जवळ उभं राहायला हवं.

वाट पाहणारा,
तुझाच बाबा