घरापासूनचे अंतर

१ जून
आजपासून रोज पाचला उठणे. आज साडेसात वाजले, पण संकल्प उठल्यावर केला, तेव्हा आजचा दिवस धरायचा नाही.
ॲपचा आराखडा पक्का. विद्यार्थ्याने गुण, आवड, स्वभाव, घरचा पत्ता भरायचा. ॲप त्याला योग्य विद्यापीठ सांगणार. मी स्वतः कुठल्याच विद्यापीठाची पायरी चढलेलो नाही, म्हणूनच निःपक्षपाती. मोबाइल दुरुस्ती आपली आपण शिकलो, प्रोग्रॅमिंगही आपलं आपण.
पहिली लाभार्थी अर्थातच ठमी. बारावी झाली, प्रवेशाची मुदत महिनाअखेर. तिला बजावलं, ॲप तयार होईपर्यंत कुठेही अर्ज करायचा नाही. ती म्हणाली, बाबा, आणि नाहीच झालं तर? मी नुसता हसलो.

४ जून
बटणांच्या कोपऱ्यांची गोलाई. त्यात दिवस गेला. निळा रंग अजून मनासारखा नाही.
ठमी म्हणाली, बटण छान आहे, पण दाबल्यावर काही होतं का? घाई, घाई! आईवर गेली आहे.

८ जून
गुणांकन पूर्ण. शंभरपैकी साठ गुण घरापासूनच्या अंतराला, बाकी सगळ्याला मिळून चाळीस. कुणीही समंजस बाप हेच करील. भावनेचा संबंध नाही.
ठमीची माहिती मीच भरली. उत्तर: आमच्या मागच्या गल्लीतलं कॉमर्स कॉलेज. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. ॲप म्हणतंय त्याला मी काय करणार! ठमी ताट घासत राहिली. स्वच्छ होतं ते.

१० जून
बाहेरच्या लोकांवर चाचणी. वरच्या मजल्यावरचे मास्तर फॉर्म भरून म्हणाले, अहो, ज्या कॉलेजातून मी रिटायर झालो तिथेच मला पुन्हा ॲडमिशन घ्यायला सांगतंय तुमचं यंत्र. म्हणजे अचूकच की! संध्याकाळी मेहुण्याचा फोन. दाजी, मला मुलींच्या नर्सिंग कॉलेजात धाडताय होय? मिशा काढू की राहू देऊ? ते त्याच्या घरासमोरच आहे. स्त्री की पुरुष हे विचारायचं राहिलं, एवढंच. किरकोळ.
ॲपचा क्यूआर कोड छापून माझ्या दुरुस्तीच्या दुकानाच्या काचेवर चिकटवला. आता जग येऊ दे.

१३ जून
जग आलं! एक अनोळखी विद्यार्थी. आवड: खडक आणि दगडमाती. पत्ता: आमचीच गल्ली. हवं ते: समुद्राकाठचं ते मोठं विद्यापीठ, जिथे आगगाडीने जायलाही रात्र मोडते. ॲपचं उत्तर: मागच्या गल्लीतलं कॉमर्स कॉलेज. त्याने लगेच गुण बदलून पुन्हा भरलं. उत्तर तेच. किती ठाम!
दुपारी फॉर्म भरणाऱ्यांची यादी नीट पाहिली. यादीत प्रत्येकाच्या फोनचं नाव येतं. या फोनचं नाव ‘हात लावू नये’.
हे नाव हिने, ठमीच्या आईने, ठेवलं होतं. मी सारखा तिचा फोन खोलून बसायचो म्हणून. ही गेल्यावर मीच तो बंद करून डब्यात घातला, डबा कपाटात ठेवला.
सर्व्हरमध्ये जुनी माहिती साठून राहते. कॅशे म्हणतात त्याला. घाबरण्यासारखं काही नाही.

१४ जून
कपाट उघडलं. डबा जागेवर आहे. डबा उघडला नाही. तपासण्यासारखं काही नव्हतंच.

१७ जून
‘हात लावू नये’ पुन्हा ऑनलाइन. मी दुकानात, ठमी घरी कामात, आणि हा पट्ठा फॉर्म भरतोय. ‘पालकांची संमती?’ समोर लिहिलंय: विचारण्यात अर्थ नाही. ‘आणखी काही सांगायचंय?’ हा रकाना मी उगाच ठेवला होता. त्यात लिहिलंय: घरात एक माणूस आहे. वाढल्याशिवाय जेवत नाही आणि वाढलं की काम आठवतं त्याला.
हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. गिऱ्हाईक म्हणालं, काका, बरं वाटतंय ना?
असा माणूस घरोघरी असतो. हा पुरावा होत नाही.

१९ जून
हिला दगड गोळा करायचा नाद. कुठेही गेलो की पिशवीत एक दगड. शिकायचं तेच होतं तिला, पण लग्न ठरलं. ते दगड अजून खिडकीत ओळीने आहेत. आज हात फिरवून पाहिला, धूळ अजिबात नाही. खिडकी घट्ट बसत असावी.
ठमीला सहज विचारलं, तुला कधी घरात कुणी असल्यासारखं वाटतं का? ती म्हणाली, असतंच की, बाबा. तुम्हालाच दिसत नाही.
जेवण गेलं नाही.

२४ जून
यश! ॲपने पहिल्यांदाच लांबचं विद्यापीठ सुचवलं. अनोळखी विद्यार्थ्याला समुद्राकाठचं विद्यापीठ, भूशास्त्र, योग्यता सत्त्याण्णव टक्के. मेहुण्याला ताबडतोब कळवलं. म्हणालो, ॲप चुकत नाही, माणसं चुकतात. ठमीही ऐकत होती.
नंतर पाहिलं. विद्यार्थ्याने बाकी काहीच बदललं नव्हतं, फक्त घरचा पत्ता. त्या विद्यापीठाच्या शेजारचाच दिला आहे.
म्हणजे आता ती इथे राहत नाही?
हे वाक्य मी का लिहिलं कळत नाही. खोडायला हवं.

२७ जून
ठमीने टेबलावर हिचा फोन ठेवला. चालू. शेजारी प्रवेशाचा अर्ज, पालकांच्या सहीची जागा रिकामी.
मी म्हटलं, तू होतीस? ती म्हणाली, माझ्या फोनवरून भरलं असतं तर यादीत माझं नाव दिसलं असतं, आणि तुम्ही चहा घेऊन समजूत घालायला आला असता. मी म्हटलं, पत्ता खोटा आहे. ती म्हणाली, बाकी सगळं खरं आहे ना, बाबा? आणि तुम्हीच म्हणालात, ॲप चुकत नाही.

२८ जून
दिवसभर ॲपमधली चूक शोधली. अंतराचे साठ गुण काढून आमच्या खऱ्या पत्त्यावर चालवून पाहिलं. तेच समुद्राकाठचं विद्यापीठ. पुन्हा चालवलं. तेच.
ठमी दारात उभी होती. मला म्हणाली, आई असती तर काय म्हणाली असती? मी म्हटलं, ॲपमध्ये तसा रकाना नाही.
सही केली. पेन नीट चालत नव्हतं, म्हणून अक्षर तसं आलं.

९ जुलै
स्टेशनवर ती पाया पडायला वाकली तेव्हा मी बॅगेची चेन तपासत होतो. चेन ठीक होती.

१० जुलै
पोचल्याचा फोन आला. हॉस्टेलची खोली छोटी आहे, पण समुद्राचा आवाज येतो म्हणाली. मलाही ऐकवला. मग विचारलं, बाबा, जेवलात? मी म्हटलं, दुकानात गर्दी आहे, ठेवतो.
दुकान आज उघडलंच नव्हतं.