शिडी तूर्त थोरलीकडे

मी, खाली सही करणारा, धंद्याने रंगारी, वय वर्षे अडुसष्ट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डोके ठिकाणावर आहे. त्यावर केस नाहीत, पण कायद्याला केस लागत नाहीत. कोणी धाक दाखवलेला नाही. पत्नीने फक्त "अक्षर नीट काढा" एवढाच आग्रह धरला.

१. राहते घर मी स्वकमाईने बांधले. ते माझ्या पश्चात पत्नीचे. तिच्यानंतर थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा यांनी निम्मे-निम्मे घ्यावे, तंटा करू नये. स्वयंपाकघराचा रंग पत्नीच्या हयातीत बदलू नये. तो तिने निवडलेला आहे आणि मला अजिबात आवडत नाही, तरी बदलू नये.

२. बँकेतली शिल्लक आधी दवाखान्याच्या बिलाला. उरेल ते पत्नीचे.

३. मेव्हण्याने एकदा सगळ्या पाहुण्यांसमोर मला "चमनगोटा" म्हटले होते. त्यास माझा जुना कंगवा द्यावा. मला त्याचा उपयोग नव्हताच, आता त्यालाही नाही.

४. ब्रश, रोलर, पुट्टीची पाती आणि हातगाडी मुलाला. त्याचा हात माझ्यापेक्षा साफ आहे. हे तोंडावर कधी बोललो नाही, म्हणून इथे लिहितो.

५. शिडी मात्र त्याला नाही. कारण लिहितो, नाहीतर लोक म्हणतील, म्हातारा मेला तरी खाष्टपणा सोडला नाही. आमच्यात टक्कल वडिलोपार्जित आहे. ते वाटून द्यावे लागत नाही, आपोआप मिळते. मुलाला ते नको आहे. व्यायामशाळेतल्या एका दोस्ताचे ऐकून तो केसांसाठी रोज कॅप्सूल घेतो. दोन औषधे, एकाच कॅप्सूलमध्ये. फोनवरून मागवतो, डॉक्टरांना विचारलेले नाही. केस आलेत, खोटे कशाला बोलू? पण सकाळी उठला की भिंत धरतो. पाय सुजून बूट चढत नाहीत. विचारले तर म्हणाला, "उन्हाचं होतं हो बाबा, तुम्ही उगाच राईचा पर्वत करता!"

रंगाऱ्याला चक्कर येणे ही गंमत नव्हे. म्हणून शिडी थोरलीने आपल्याकडे कुलपात ठेवावी. डॉक्टरांनी तपासून "चढायला हरकत नाही" असे सांगितले की त्याच दिवशी द्यावी, भावाला छळू नये. पोरा, मला तुझे केस नकोत रे, तू पाहिजेस.

६. सदर दोस्त माझ्या पश्चात भेटायला आला तर दारातूनच वाटेला लावावा.

पुरवणी, त्याच दिवशी: मी शुद्धीवर असल्याचा दाखला द्यायला आमच्या नेहमीच्या डॉक्टरबाई घरी आल्या. मुलगाच त्यांना आणि साक्षीला शेजारच्या शिंप्यांना घेऊन आला. मी मजकूर मोठ्याने वाचला. पाचव्या कलमाला मुलगा लालबुंद झाला. "चारचौघांत माझी अब्रू काढायची होती का?" म्हणाला.

डॉक्टरबाईंनी माझ्या दंडाला बांधलेला रक्तदाबाचा पट्टा सोडला आणि त्याला म्हणाल्या, "बस रे इथे." त्याचा रक्तदाब भलताच खाली निघाला. मग कॅप्सूलचे पाकीट मागवून वाचले.

"यातलं एक औषध मुळात रक्तदाब उतरवायचं आहे," त्या म्हणाल्या. "दोन्ही एकातच कोंबलीत, म्हणून एकटं तेवढं थांबवता येत नाही. आजपासून हे बंद. पुढचं तपासण्या झाल्यावर बघू."

"केस गळतील."

"गळतील," त्या म्हणाल्या.

त्याने पाकीट परत मागितले नाही. मग माझ्याकडे न बघता बोलला, "बाबा, परवा परांचीवर, तिसऱ्या मजल्यावर, डोळ्यांपुढे अंधारी आली. हात सुटला. खिडकीचा गज सापडला म्हणून वाचलो. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काम बंद केलं असतं."

पाचवे कलम कायम. खालची सही वाकडी आली आहे. उद्या कोणी शंका काढू नये म्हणून नोंद करतो: हात आजारामुळे कापला नाही, मुलाचे वरील बोलणे ऐकून कापला.

सही: लिहून ठेवणार, रंगारी
साक्षीदार १: डॉक्टरबाई
साक्षीदार २: शेजारचे शिंपी
ठिकाण: राहते घर, पुढची खोली
तारीख: ९ मार्च